सूचिचिकित्सा-शिक्षण

शरीरावरील ठराविक बिंदूंच्या ठिकाणी बारीक सुया टोचून उपचार करण्याच्या चिनी पद्धतीस सूचिचिकित्सा किंवा ॲक्युपंक्चर म्हणतात. या पद्धतीच्या शिक्षणाचे दोन भाग पडतात : ग्रंथ व व्याख्याने यांतून मिळणारे सैद्धांतिक ज्ञान आणि अनुभवी चिकित्सकाच्या देखरेखीखाली प्रत्यक्ष रुग्णावर केलेला सराव. यांपैकी दुसऱ्या भागाचा इतिहास येथे दिला आहे. शस्त्रक्रियेप्रमाणेच हे हाताचे कौशल्य असल्याने शिक्षणाचे खरे मोल या दुसऱ्या भागावरच ठरते. तथापि अभ्यासक्रम आखताना नेमकी त्याचीच काटछाट होत आल्याचे दिसते.

बिंदूंची स्थाने पाठ करणे फारसे अवघड नाही. जागतिक आरोग्य संघटनेने १९८९ मध्ये जिनीव्हा येथे मान्य केलेल्या प्रमाण नामावलीत ३६१ अभिजात बिंदू आहेत आणि त्यांचे तक्ते सर्वत्र उपलब्ध आहेत. अडचण पुढे येते. बिंदूंमधील अंतर ‘त्सुन’ या मापाने मोजतात आणि हे माप प्रत्येक रुग्णाच्या स्वतःच्या अंगावरून घ्यावयाचे असते; अंगठ्याची रुंदी म्हणजे एक त्सुन, तर चार बोटांची एकत्रित रुंदी म्हणजे तीन त्सुन. आयुर्वेदातील स्वांगुल मापाशी परिचित असलेल्या वाचकास ही कल्पना नवी वाटणार नाही. स्थूल, कृश, वृद्ध व बालक यांच्या शरीरांवर एकच बिंदू वेगवेगळ्या ठिकाणी व वेगवेगळ्या खोलीवर सापडतो. सुई योग्य ठिकाणी पोहोचली म्हणजे रुग्णास जडपणा किंवा मुंग्या आल्यासारखे जाणवते आणि चिकित्सकाच्या बोटांना सुई किंचित धरली गेल्याचा भास होतो. चिनी परंपरेत या संवेदनेस ‘द छी’ म्हणतात. ती कशी असते हे शब्दांत सांगता येते. पण ती ओळखावयास शिकविताना गुरूचे व शिष्याचे बोट एकाच सुईवर असावे लागते.

चुकीचे परिणामही किरकोळ नसतात. खांद्यावरील ‘ज्यानजिंग’ या बिंदूखाली फुप्फुसाचा वरचा भाग येतो. तेथे सुई अधिक खोल गेल्यास फुप्फुसावरणात हवा शिरून रुग्णाचा जीव धोक्यात येऊ शकतो. सुयांचे निर्जंतुकीकरण नीट न झाल्याने होणाऱ्या संसर्गाचे उदाहरण अमेरिकेच्या रोड आयलंड राज्यात १९८४ मध्ये घडले. तेथील एका चिकित्सालयातून ३५ रुग्णांना ‘ब’ प्रकारच्या यकृतशोथाची लागण झाली. एकदाच वापरून टाकून द्यावयाच्या सुया प्रचारात आल्यानंतर हा धोका पुष्कळच कमी झाला. खोलीचा व दिशेचा धोका मात्र हाताच्या शिक्षणानेच टळतो.

चीनमध्ये या शिक्षणाची संस्थात्मक परंपरा जुनी आहे. थांग राजवटीत सातव्या शतकात स्थापन झालेल्या राजकीय वैद्यकसंस्थेत सूचिचिकित्सेचा स्वतंत्र विभाग होता. त्यात अध्यापक व साहाय्यक अध्यापक यांच्याबरोबर प्रत्यक्ष उपचार करणारे कर्मचारी असत आणि वीस विद्यार्थी घेतले जात. सुंग राजवटीत वांग वैयी या राजवैद्याच्या देखरेखीखाली १०२७ मध्ये मनुष्याकृती ब्राँझचे दोन पुतळे ओतण्यात आले. त्यांवर बिंदूंच्या जागी छिद्रे होती. परीक्षेच्या वेळी पुतळ्यावर मेणाचा लेप देऊन पोकळीत पाणी (काही वर्णनांनुसार पारा) भरीत. विद्यार्थ्याची सुई नेमकी छिद्रात शिरली तर द्रव बाहेर येई, अन्यथा सुई आत जातच नसे. रुग्णास इजा न होता चूक उघड करणारी ही युक्ती वैद्यकीय शिक्षणाच्या इतिहासात लक्षणीय होय.

भारतीय परंपरेतही अशाच विचाराचा एक पुरावा आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील ‘योग्यासूत्रीय’ अध्यायात शस्त्रकर्माचा सराव कशावर करावा हे सांगितले आहे : छेदनासाठी कोहळा, भोपळा, काकडी यांसारखी फळे, भेदनासाठी पाणी व चिखल भरलेल्या चामड्याच्या पिशव्या, वेधनासाठी मृत पशूंच्या शिरा आणि कमळाचे देठ. शास्त्र पाठ असूनही असा सराव न केलेला वैद्य कर्मास अयोग्य होय, असे तेथे प्रतिपादिले आहे. सूचिचिकित्सेचे विद्यार्थी आजही प्रथम कागदाच्या थप्पीवर व कापसाच्या गोळ्यावर, मग स्वतःच्या व सहाध्यायांच्या हातापायांवर सुई टोचावयास शिकतात आणि त्यानंतरच रुग्णाकडे वळतात. हा क्रम सुश्रुताच्या योग्येहून मूलतः निराळा नाही.

चिंग राजवटीत १८२२ मध्ये सूचिचिकित्सा राजवैद्यक संस्थेतून वगळण्यात आली आणि ती पुढे प्रामुख्याने घराण्यांतून व खाजगी गुरुशिष्यपरंपरेतून टिकून राहिली. विसाव्या शतकात छंग तानआन यांनी वूशी येथे तिच्या शिक्षणाचे पुनरुज्जीवन केले. १९३४-३५ च्या सुमारास त्यांनी जपानला जाऊन तेथील शिक्षणपद्धती पाहिली आणि शरीररचनाशास्त्राच्या आधारे बिंदूंची स्थाने तपासून घेतली. १९५६ मध्ये पीकिंग, शांघाय, क्वांगजो व छंगतू येथे चिनी वैद्यकाची पहिली चार महाविद्यालये निघाली आणि रुग्णालयातील सराव हा पदवीशिक्षणाचा भाग बनला. तरीही गुरुशिष्यपरंपरा पूर्णपणे मागे पडली नाही. १ जुलै २०१७ पासून अंमलात आलेल्या चिनी वैद्यकविषयक कायद्याने गुरूकडे शिकलेल्या व्यक्तींनाही, किमान दोन वैद्यांची शिफारस व प्रात्यक्षिक कसोटी यांच्या आधारे, परवान्याचा मार्ग खुला ठेवला आहे.

भारतातील सूचिचिकित्सेचा उगम सांगताना सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस (१९१०–४२) यांचे नाव अनेकदा घेतले जाते. ते अंशतःच योग्य आहे. १९३८ मध्ये काँग्रेसतर्फे चीनला गेलेल्या वैद्यकीय पथकात अटल, चोळकर, कोटणीस, बसू व मुखर्जी असे पाच डॉक्टर होते. मुंबईच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले कोटणीस हे शस्त्रवैद्य होते. ते १९४१ मध्ये बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे प्रमुख झाले आणि युद्धक्षेत्रात शस्त्रक्रिया करीत असतानाच तेथील विद्यार्थ्यांना शिकवू लागले. वर्ग आणि शस्त्रक्रियेचे टेबल यांत तेथे फारसे अंतर नव्हते. ९ डिसेंबर १९४२ रोजी त्यांचा मृत्यू झाला. सुया टोचण्याची विद्या भारतात आणली ती त्यांचे सहकारी विजयकुमार बसू यांनी. १९५० नंतरच्या दशकाच्या अखेरीस ते पुन्हा चीनला गेले, ही पद्धती शिकले आणि १९५९ पासून कोलकात्यात तिचा अवलंब करू लागले. पुढे कोटणीसांच्या स्मरणार्थ निघालेल्या समितीने या प्रसारास हातभार लावला. त्यामुळे दोन्ही नावे लोकांच्या मनात एकत्र जोडली गेली.

अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्या १९७२ मधील चीनभेटीनंतर जगभर या पद्धतीविषयी कुतूहल वाढले. १९७५ मध्ये पीकिंग, शांघाय व नानकिंग येथे परदेशी डॉक्टरांसाठी प्रशिक्षणकेंद्रे सुरू झाली. भारतीयांना जवळचे केंद्र श्रीलंकेत होते. कोलंबोच्या दक्षिणेस कलुबोविल येथील सरकारी रुग्णालयात अँटन जयसूर्य यांनी चालविलेल्या चिकित्सालयात रुग्णांची गर्दी मोठी असे आणि विविध देशांतील विद्यार्थी अल्पकाळ राहून शिकत. रुग्णसंख्येची ही विपुलता शिकणाऱ्यास उपयुक्त होती, परंतु काही आठवड्यांत पाहिलेल्या असंख्य रुग्णांपैकी एकही रुग्ण बरा होईपर्यंत किंवा न होईपर्यंत विद्यार्थ्याच्या नजरेखाली राहत नसे. अल्पमुदतीच्या सर्वच अभ्यासक्रमांचे हे मोठे वैगुण्य होय.

जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत डॉक्टर नसलेल्या विद्यार्थ्यांसाठी दोन वर्षांचे २,५०० तासांचे, तर आधीच अर्हता असलेल्या डॉक्टरांच्या पूर्ण प्रशिक्षणासाठी १,५०० तासांचे शिक्षण सुचविले. या दोहोंत प्रात्यक्षिकाचे १,००० तास सारखेच ठेवले आहेत. डॉक्टरला शरीररचना व विकृती पुन्हा शिकविण्याची गरज नाही, म्हणून त्याचे तास कमी झाले. हाताच्या सरावात मात्र त्याला सवलत दिलेली नाही.

भारतात केंद्र सरकारने नोव्हेंबर २००३ मधील आदेशाने सूचिचिकित्सेस उपचाराचा एक प्रकार म्हणून मान्यता दिली आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये तिला स्वतंत्र उपचारपद्धती मानले. पश्चिम बंगालमध्ये याविषयीचा अधिनियम १९९६ मध्येच झाला होता. महाराष्ट्रात २०१५ च्या अधिनियमाने परिषद, नोंदणीपुस्तक आणि शिक्षणसंस्थांना मान्यता देण्याची व्यवस्था यांची तरतूद केली. कायद्याने नोंदणी होऊ शकते. शिकविणारे रुग्णालय मात्र कायद्याने उभे राहत नाही.

या बाबतीत पुण्यातील आयुर्वेदाचा अनुभव उद्बोधक आहे. १९३३ मध्ये राष्ट्रीय शिक्षण मंडळाने टिळक आयुर्वेद महाविद्यालय स्थापले, तेव्हा मुंबई इलाख्यात वैद्यांच्या नोंदणीचा कायदाही नव्हता. तो १९३८ मध्ये आला. महाविद्यालयाचे विद्यार्थी रास्ता पेठेतील शेठ ताराचंद रामनाथ धर्मार्थ आयुर्वेदीय रुग्णालयात रुग्णशय्येशेजारी शिकले. ससून रुग्णालय आणि बै. जी. वैद्यकीय महाविद्यालय यांचा संबंध आधुनिक वैद्यकात जसा होता, तसाच येथे एका देशी पद्धतीने स्वबळावर निर्माण केला. सूचिचिकित्सेच्या बाबतीत असे जोडरुग्णालय हीच पहिली गरज आहे.

देखरेखीखालील शिक्षणाची सर्वमान्य रीत तीन पायऱ्यांची आहे. विद्यार्थी प्रथम केवळ निरीक्षण करतो, नंतर नाडी व जीभ तपासून टिपणे ठेवतो आणि अखेरीस शिक्षकाने निदान व बिंदू मान्य केल्यावर स्वतः सुई टोचतो. यात शिक्षकाचे सर्वांत नाजूक काम म्हणजे सुई न टोचण्याचा निर्णय शिकविणे. ही पद्धत कोणत्या विकारांत गुणकारी आहे यावर मतभेद आहेत. अनेक तुलनात्मक चाचण्यांत खरी व खोटी सुई यांच्या परिणामांतील फरक थोडा आढळला आहे. म्हणूनच पाठदुखीच्या रुग्णातील कर्करोगाची किंवा गुडघेदुखीमागील संसर्गाची शंका वेळीच घेऊन त्यास अन्यत्र पाठविता येणे हे बिंदूंच्या ज्ञानाइतकेच आवश्यक ठरते.

सरावासाठी रुग्ण कोठून मिळावयाचे, हा प्रश्न पुण्यासारख्या शहरात वरवर सोपा वाटतो. ज्ञानेश्वरमहाराजांची पालखी आळंदीहून दिघी, कळस व विश्रांतवाडी या मार्गाने पुण्यात येते, तेव्हा वारीच्या वाटेवर मोफत उपचारांची शिबिरे भरतात आणि सुजलेले पाय व दुखरे गुडघे घेऊन वारकरी त्यांत येतात. सेवा म्हणून त्यांचे मोल निर्विवाद आहे. परंतु वारकरी मुक्काम हलवितो आणि आज टोचलेल्या सुईचा परिणाम काय झाला हे पाहावयास विद्यार्थी त्याच्यामागे सासवडपर्यंत जात नाही. उलट विश्रांतवाडीसारख्या उपनगरातील नियमित बाह्यरुग्ण विभागात तोच रुग्ण आठवड्यातून दोनदा, सहा आठवडे येतो, प्रत्येक खेपेस त्याच्या वेदनेची नोंद होते आणि उपयोग न झाल्यास तेही त्याच कागदावर, शिक्षकाच्या सहीसह, राहते.