१६१२ आणि १६१३

ट्रकच्या पाठीवर काय लिहिलंय ते आपण सगळेच वाचतो. 'हॉर्न ओके प्लीज', 'आईचा आशीर्वाद', मुलाबाळांची नावं, एखादा शेर. तोंडावरचा आकडा मात्र ट्रकवाल्यांखेरीज फारसं कोणी वाचत नाही. टाटाच्या गाड्यांवर १२१०, १६१२, १६१३ असे आकडे असत. पहिले दोन अंक म्हणजे मालासकट गाडीचं वजन किती टन, आणि पुढचे दोन म्हणजे इंजिनाची अश्वशक्ती, दहाने भागलेली. १२१० म्हणजे बारा टन आणि शंभरच्या आसपास अश्वशक्ती. १६१२ म्हणजे सोळा टन आणि एकशेवीसच्या आसपास. पद्धत मूळची मर्सिडीज-बेंझची. त्या कंपनीशी करार करून टेल्कोने १९५४ साली जमशेदपूरला ट्रक बांधायला घेतले, करार १९६९ साली संपला, आकड्यांची सवय राहिली.

आता १६१२ आणि १६१३ यांत फरक किती? दहा अश्वशक्तींचा. सोळा टनांच्या धुडाला दहा घोडे म्हणजे दर्यामे खसखस! पण या दहासाठी इंजिनाची श्वास घ्यायची रीतच बदलली होती. १६१२ चं इंजिन स्वतःच्या छातीने हवा ओढायचं. १६१३ च्या इंजिनात टर्बोचार्जर हवा कोंबायचा.

माझ्या भाच्याचे कराडला तेव्हा दोन ट्रक होते. जुना काढून दुसरा घ्यायचा होता. "मामा, टर्बोचा घेऊ का साधाच बरा?" असं त्याने विचारलं. मी जन्मभर इतिहास-भूगोल शिकवलेला माणूस, मला विचारून काय उपयोग! पण थोडं वाचल्यावर लक्षात आलं की प्रश्न इतिहासाचाच आहे, आणि थोडा भूगोलाचाही.

आधी भूगोल, म्हणजे हवा. एक लिटर डिझेल पूर्ण जळायला साधारण बारा किलो हवा लागते. बारा किलो हवा म्हणजे जवळजवळ दहा घनमीटर. दहा बाय दहाची, दहा फूट उंचीची खोली घेतली, तर तीन लिटर डिझेल तिच्यातली सगळी हवा संपवून टाकेल. म्हणजे इंजिनाचं खरं अन्न हवा आहे, डिझेल हे नुसतं तोंडी लावणं. डिझेल जास्त सोडायला पंपाचा एक स्क्रू पिळला की झालं. हवा कुठून आणणार? ५.७ लिटरचं इंजिन दोन फेऱ्यांत फार तर ५.७ लिटर हवा आत घेणार. हवा तेवढीच ठेवून डिझेल वाढवलं तर न जळलेलं डिझेल काळा धूर होऊन बाहेर पडतं आणि पिस्टन तापतात. आपल्याकडे 'पंप वाढवून' घेतलेले ट्रक घाटात कसे दिसायचे ते आठवतंय ना? एसटीच्या खिडकीतून खंबाटकीत मी पुष्कळ पाहिलेत. पुढे धुराचा लोट, गाडी माणसाच्या चालीने, आणि क्लीनर चाकाला लावायचा दगड हातात घेऊन शेजारून चालतोय. गाडी थांबली की दगड मागच्या चाकाखाली.

तर ताकद वाढवायला दोनच सरळ मार्ग. एक, छाती मोठी करा, म्हणजे इंजिनच मोठं करा: सिलिंडर वाढवा, लिटर वाढवा. दुसरा, छाती तेवढीच ठेवून हवा दाबून भरा.

दुसऱ्या मार्गाचं श्रेय आल्फ्रेड ब्यूखी या स्विस इंजिनिअरला देतात. जन्म १८७९, गाव विंटरथुर. इंजिनाला मिळालेल्या उष्णतेतली एक तृतीयांशाच्या आसपास धुराबरोबर फुकट जाते, हे त्या काळी सगळ्यांनाच ठाऊक होतं. ब्यूखी म्हणाला, त्या धुरावर एक पंखा फिरवू आणि त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाच्या पंख्याने आत हवा दाबू. १९०५ साली त्याने पेटंट घेतलं. कल्पना एवढी सोपी, पण लाल होईल इतक्या तापलेल्या धुरात भरधाव फिरणारा पंखा बनवायला धातू आणि बेअरिंगं हवीत ना! ती जमून बरी यंत्रं चालू लागायला १९२५ साल उजाडलं. मग जहाजांनी तो आधी उचलला, कारण जहाजाला वजनाची फिकीर कमी आणि सोबत इंजिनिअर असतो.

मधल्या काळात अमेरिकेत एक गंमत झाली. उंचावर हवा विरळ, त्यामुळे विमानांची इंजिनं वर गेली की दमायची. १९१८ साली सॅनफर्ड मॉस नावाच्या इंजिनिअरने विमानाचं लिबर्टी इंजिन ट्रकवर लादून कोलोराडोतल्या पाइक्स पीक या चौदा हजार फुटी डोंगरावर नेलं. खाली साडेतीनशे अश्वशक्ती देणारं इंजिन वर २३० वर आलं होतं. टर्बो जोडल्यावर पुन्हा साडेतीनशेच्या वर गेलं. हवेच्या दाबाचा धडा मुलांना शिकवताना ही गोष्ट मला ठाऊक असती तर फार बरं झालं असतं. आमच्या पुस्तकात नुसता पाऱ्याचा बॅरोमीटर होता.

ट्रकपर्यंत टर्बो आला १९३८ साली, तोही स्वित्झर्लंडमध्येच, सौरर कंपनीच्या हातून. डोंगराळ देश, नवल नाही. पण खरी जुंपली ती दुसऱ्या महायुद्धानंतर, स्वीडन आणि जर्मनी यांच्यात. म्हणजे भांडण नव्हे, पण एकाच प्रश्नाची दोन उत्तरं.

स्वीडनमध्ये जंगलातून लाकूड आणायचं, लांबलचक ट्रेलर, ओझं प्रचंड. १९५४ साली व्होल्वोने आपल्या टायटन ट्रकला टर्बो लावला. इंजिन तेच, ९.६ लिटरचं. ताकद १५० वरून १८५ अश्वशक्तीवर गेली. इंजिनाचं वजन मात्र किरकोळच वाढलं. स्कॅनियाने १९६९ साली १४ लिटरचं, आठ सिलिंडरचं टर्बो इंजिन आणलं, ३५० अश्वशक्तीचं. युरोपातल्या ट्रकांत तेव्हा त्याच्या तोडीचं दुसरं नव्हतं.

जर्मन काय करत होते? विशेष म्हणजे ज्या मर्सिडीजने १९२० च्या दशकात मोटारींना कॉम्प्रेसर लावून शर्यती गाजवल्या, तीच कंपनी मोठ्या ट्रकांच्या बाबतीत टर्बोपासून दूर राहिली. पश्चिम जर्मनीत नियम आला की ट्रकला दर टनामागे आठ अश्वशक्ती हवीच, नाहीतर हमरस्त्यावर मागच्यांची रांग लागते. ३८ टनांना आठाने गुणा: ३०४. मर्सिडीजने सरळ हिशेब केला आणि १९७३ साली दहा सिलिंडरचं, १६ लिटरचं इंजिन काढलं. ३२० अश्वशक्ती, टर्बो नाही. ट्रकचं नाव १६३२! पाहिलंत, तीच आकड्यांची पद्धत. आपला १६१२ आणि त्यांचा १६३२, दोघांच्या पहिल्या दोन अंकांत फरक नाही.

आज मागे पाहून जर्मनांना हसणं सोपं आहे. मला ते बरोबर वाटत नाही. मोठं, निवांत, साधं इंजिन टिकतं. पाय दाबला की लगेच ओढतं. टर्बोला धुराचा जोर येईपर्यंत क्षणभर वाट पाहावी लागते. टर्बोचा पंखा मिनिटाला लाखाच्या आसपास फेऱ्या मारतो, त्याच्या बेअरिंगाला चांगलं तेल लागतं, आणि चढ चढून आल्याबरोबर इंजिन बंद केलं तर तेल आतच करपतं, म्हणून मिनिट-दोन मिनिटं तसंच चालू ठेवावं लागतं. गाडी बंद पडलेली परवडत नाही अशा गिऱ्हाइकाला जर्मनांनी त्याच्या सोयीची वस्तू दिली. मात्र १९७३ च्या ऑक्टोबरात अरब देशांनी तेल रोखलं आणि १६ लिटरच्या पोटाचा हिशेब बदलला. पुढे मर्सिडीजही १९८० च्या दशकात टर्बोकडे वळली.

अमेरिकेची एकच गोष्ट सांगतो. १९५२ साली कमिन्स कंपनीने इंडियानापोलिसच्या पाचशे मैलांच्या शर्यतीत डिझेलवर चालणारी, टर्बो लावलेली मोटार उतरवली. इंजिन मुळात ट्रकचं! फ्रेड अगाबाशियनने पात्रता फेरीत ती पळवून पहिली जागा मिळवली. शर्यतीत ७१ फेऱ्यांनंतर ती बंद पडली, कारण टायरांचं रबर उडून टर्बोच्या तोंडात अडकलं. म्हणजे छाती मजबूत आणि नाक चोंदलेलं. याच कमिन्सने पुढे १९६२ साली किर्लोस्करांबरोबर पुण्यात कोथरूडला कारखाना काढला.

आता आपल्याकडे या. आपले ट्रक पुढची चाळीस-पंचेचाळीस वर्षं बहुतेक स्वतःच्या छातीवरच चालले. टाटाचं ६९७ इंजिन, म्हणजे सहा सिलिंडर आणि प्रत्येकाचा व्यास ९७ मिलिमीटर (हाही आकडाच बोलतो). लष्कराचा शक्तिमानही असाच. मॅन कंपनीच्या परवान्याने जबलपूरला १९५९ पासून बनू लागलेला हा ट्रक लडाखच्या रस्त्यांवर राबला. तिथे सतरा हजार फुटांच्या खिंडींत हवेचा दाब समुद्रकाठच्या निम्म्यावर येतो. टर्बोचं खरं काम असेल तर ते तिथे होतं, आणि तिथेच तो नव्हता! जवानांनी त्या गाड्या कशा चढवल्या असतील ते त्यांनाच माहीत.

पण तेव्हाचं गणित तसंच होतं. सोळा टनांची गाडी कागदावर सोळा टनांची, रस्त्यावर पंचवीसची. घाई कोणालाच नव्हती, हवी होती ती दुरुस्ती. कोणत्याही नाक्यावर मेस्त्री हेड उतरवून संध्याकाळपर्यंत गाडी चालू करून देई. त्याला टर्बोचं चोचलं नको होतं, आणि नाक्यावर मिळणारं तेल टर्बोला मानवलं नसतं.

मग बदललं कशाने? ताकदीच्या हव्यासाने नाही, धुराने. १९९३ साली टाटांनी कमिन्सशी भागीदारी करून टर्बो इंजिनं बनवायला जमशेदपूरला कारखाना काढला. १ एप्रिल २००० पासून देशभर युरो-१ च्या तोडीचे धुराचे नियम लागू झाले, आणि २००५, २०१० असे ते घट्ट होत गेले. जादा हवा कोंबली की डिझेल नीट जळतं आणि काजळी कमी होते. कोंबलेली हवा इंटरकूलरने थंड करून सोडली की नायट्रोजनचे विषारी वायूही कमी होतात. म्हणून ६९७ लाच टर्बो लावून १३० अश्वशक्तीचा १६१३ आला. स्वीडिश लोकांनी टर्बो लावून पस्तीस घोडे काढले, आपण दहा. उरलेली हवा धूर धुवायला गेली म्हणा ना.

भाच्याने अखेर टर्बोचाच ट्रक घेतला. पसंती त्याची कमी आणि कायद्याची जास्त. साधा मिळणंच कठीण झालं होतं. त्याच्या ड्रायव्हरला ढाब्यावर पोचल्याबरोबर किल्ली न फिरवण्याची सवय लागायला वर्ष गेलं. तोपर्यंत एका टर्बोचं बेअरिंग कामी आलं होतं.

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आल्यावर मोठ्या डिझेल ट्रकांत टर्बोशिवाय इंजिन उरलेलं नाही. गंमत अशी की सीएनजीवर चालणाऱ्या काही गाड्यांना मात्र पुन्हा जुन्या पद्धतीची, स्वतःच हवा ओढणारी इंजिनं लागली. गॅस मुळातच काजळी फार कमी करतो, तेव्हा हवा कोंबायची तेवढी निकड नाही. पण घाटात अशी एखादी भरलेली गाडी पुढे आली, तर मागे चालवणाऱ्याने सबुरीने घ्यावं. तिला मोकळा श्वास एवढाच आहे.