एग्मोरची काळी वही

चेन्नईतल्या वेस्ट मांबलमच्या रहिवाशांनी मांबलम स्टेशनात बीचकडे जाणारी लोकल पकडली, की चौथं स्टेशन एग्मोर. 1789 मध्ये इथल्या सैनिकांच्या अनाथ मुलांच्या शाळेची सूत्रं अँड्र्यू बेल यांनी हाती घेतली.

मद्रासच्या देशी शाळेत मुलं वाळूवर बोटाने अक्षरं गिरवताना त्यांनी पाहिली आणि तीच रीत वर्गात आणली. पुढे गेलेली मुलं मागच्यांना शिकवू लागली. मागे राहिलेल्याची जबाबदारी शिकवणाऱ्या मुलावरही असे. खोड्या काळ्या वहीत नोंदल्या जात आणि मुलांचंच पंचमंडळ निवाडा करी. 1797 मध्ये लंडनला छापलेल्या बेल यांच्या अहवालानंतर ही पद्धत जगभर पसरली.

पुढे मद्रास इलाख्यात परीक्षेच्या निकालावर प्राथमिक शाळांचं अनुदान ठरू लागलं. पोर नापास झालं, तर झळ मास्तरांच्या मिळकतीला लागे. साहजिकच घोकंपट्टी वाढली.

2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने छडी आणि आठवीपर्यंतचं नापास करणं, दोन्ही थांबवलं. राज्यांना पुन्हा नापास करण्याची मुभा देणाऱ्या 2019 च्या दुरुस्तीनंतर तमिळनाडूने पाचवी-आठवीला बोर्डाची परीक्षा जाहीर केली. पालक-शिक्षकांच्या विरोधानंतर फेब्रुवारी 2020 मध्ये ती मागे घेतली. ते योग्यच झालं. दहा वर्षांच्या पोरावर नापासाचा शिक्का मारण्याआधी शाळेने आपल्या शिकवण्याचा हिशेब द्यायला हवा.