बांधकामाच्या नोंदींना ब्लॉकचेनचे कुलूप

नंदुरबार जिल्ह्यातील धडगाव, अक्कलकुवा या सातपुड्यातील डोंगराळ तालुक्यांत आश्रमशाळा किंवा पूल बांधला जातो, तेव्हा जिल्ह्याच्या ठिकाणी बसलेल्या अधिकाऱ्यास ते काम मुख्यतः मोजमाप पुस्तिकेतूनच दिसते. स्लॅब भरल्यानंतर आतील लोखंड झाकले जाते आणि उरते केवळ नोंद. तिच्याच आधारे ठेकेदाराचे देयक निघते. ही नोंद मागाहून बदलता येऊ नये, यासाठी 'बिम' आणि ब्लॉकचेन या दोन तंत्रांची सांगड घालण्याचा विचार जगभर सुरू आहे.

'बिम' म्हणजे काय?

'बिल्डिंग इन्फर्मेशन मॉडेलिंग' म्हणजे इमारतीचे संगणकावरील माहितीपूर्ण प्रतिरूप. त्यातील प्रत्येक खांब व तुळईशी तिचे माप आणि साहित्य यांची माहिती जोडलेली असते. त्रिमितीय आराखड्यास वेळापत्रक जोडले की चौथी मिती आणि खर्च जोडला की पाचवी मिती मिळते. महाराष्ट्रात नागपूर मेट्रोच्या उभारणीत महामेट्रोने असे पाच मितींचे 'बिम' वापरले.

ब्लॉकचेनचे काम

ब्लॉकचेन ही अनेक संगणकांवर एकाच वेळी ठेवलेली नोंदवही होय. नोंदींच्या प्रत्येक गटात आधीच्या गटाची सांकेतिक खूण असते. त्यामुळे जुनी नोंद बदलल्यास पुढची साखळी जुळेनाशी होते. २००८ मध्ये बिटकॉइनच्या निमित्ताने ही रचना पुढे आली. २०२२ मध्ये गडचिरोलीतील एटापल्ली येथे जातीच्या दाखल्यांसाठी तिचा वापर झाला.

सांगड कशी?

'बिम'च्या फाइली अवजड असल्याने त्या साखळीवर ठेवत नाहीत. त्यांची खूण तेवढी नोंदवतात. लोखंड बांधून झाले की अभियंत्याने घेतलेली मापे व छायाचित्रे, तसेच काँक्रीटच्या ठोकळ्यांचा २८ दिवसांनंतरचा चाचणी अहवाल प्रतिरूपातील त्या-त्या भागाशी जोडायचा आणि डिजिटल स्वाक्षरीसह खूण नोंदवायची. पुढे वाद उद्भवल्यास फाइल मूळचीच आहे की नाही, हे तत्काळ तपासता येते. अटी पूर्ण होताच देयक आपोआप पुढे सरकवणारा 'स्मार्ट करार'ही जोडता येतो. अर्थात निधीच उपलब्ध नसेल, तर त्याचा उपयोग नाही.

मर्यादा

साखळी नोंदीचे रक्षण करते, नोंद खरी असल्याची हमी देत नाही. बारा मिलिमीटरच्या जागी दहा मिलिमीटरची सळई टाकून बारा लिहिले, तर ते असत्यही तितकेच अढळ होते. शिवाय सर्व संगणक एकाच खात्याच्या ताब्यात असतील, तर साध्या संगणकीय नोंदवहीपेक्षा फारसे काही हाती लागत नाही. खाते, ठेकेदार, लेखापरीक्षक आणि इमारत वापरणारी संस्था यांच्याकडे स्वतंत्र प्रती असल्या, तरच या व्यवस्थेस अर्थ आहे. मात्र स्लॅब भरण्यापूर्वी कुणीतरी जागेवर जाऊन सळया मोजणे, हे काम कोणतेही तंत्र टाळू शकत नाही.