विटांत रचलेलें वर्ष

इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर, यॉर्कशायर परगण्यांत, स्कारबरो नांवाचें गांव आहे. तेथील दक्षिण उपसागराच्या कांठीं, कड्याच्या अगदीं कडेवर, पिवळसर विटांची एक अवाढव्य इमारत उभी आहे. इ. स. १८६७ सालीं उघडलेलें ग्रँड हॉटेल तें हेंच. राजवाडे व देवळें राजांच्या आणि धर्माच्या इतिहासाचीं साक्षीदार असतात. ही इमारत हवापालटासाठीं येणाऱ्या पाहुण्यांच्या इतिहासाची साक्ष देते.

स्कारबरोची कीर्ति प्रथम झाली ती पाण्यामुळें. सतराव्या शतकांत तेथें औषधी पाण्याचा एक झरा सांपडला आणि दुखणेकरी तेथें येऊं लागले. पुढें समुद्रस्नानाचें वेड पसरलें. १८४५ सालीं आगगाडी येऊन पोंचली आणि गिरण्यांच्या धुरानें काळवंडलेलीं लीड्ससारखीं शहरें या किनाऱ्याच्या आटोक्यांत आलीं. कापडावर आणि कोळशावर गबर झालेल्या वर्गाला आतां उतरण्यासाठीं भाड्याच्या साध्या खोल्या पुरेशा वाटेनात; त्याला आपल्या ऐश्वर्यास साजेसा वाडा हवा होता.

तो बांधण्याचें काम कथबर्ट ब्रॉड्रिक या स्थापत्यविशारदाकडे आलें. १८२१ सालीं हल येथें जन्मलेल्या ब्रॉड्रिकनें लीड्सचें भव्य नगरभवन आणि तेथील लंबवर्तुळाकार धान्यबाजार बांधून नांव मिळविलें होतें. येथें त्याच्यासमोर पेंच होता तो जागेचा. एका बाजूस गांव, दुसऱ्या बाजूस समुद्र, आणि दोहोंमध्यें उभा कडा. त्यानें कड्याशीं झगडा केला नाहीं. त्याचाच उपयोग करून घेतला. गांवाकडून पाहतां इमारत बेताची उंच दिसते. समुद्राच्या बाजूनें मात्र ती कड्याच्या उतारावरून मजल्यामागून मजला खालीं उतरत गेली आहे. वाळूवर उभ्या असलेल्या माणसास ती किल्ल्याच्या तटासारखी भासते. तिचें उतरतें छप्पर व घुमट यांवर तत्कालीन फ्रेंच वळणाची छाप स्पष्ट आहे.

परंतु या वास्तूची खरी प्रसिद्धि आहे ती तिच्या अंकगणितामुळें. चार ऋतूंचे चार मनोरे, बारा महिन्यांचे बारा मजले, बावन्न आठवड्यांचीं ५२ धुराडीं आणि दिवसागणिक एक अशा ३६५ शयनगृहांच्या खोल्या, अशी ही योजना सांगितली जाते. शिवाय इमारतीचा आराखडा इंग्रजी ‘व्ही’ या अक्षराच्या आकाराचा. तो व्हिक्टोरिया राणीच्या सन्मानार्थ. हिशेब केला तर सरासरीनें एका धुराड्याच्या वाट्याला सात खोल्या येतात, आणि आठवड्याचे दिवसही सातच! त्या काळीं खोल्यांना ऊब मिळे ती कोळशाच्या शेगड्यांनीं. तेव्हां धुराडें हा नुसता अलंकार नव्हता, ती थंडीवरची तोड होती. न्हाणीघरांत गोड्या पाण्याखेरीज समुद्राच्या पाण्याचीही तोटी होती. समुद्र आरोग्यदायी खरा, पण त्याच्या लाटा अंगावर न घेतां तो उंबरठ्याच्या आंत आणावा, ही त्या युगाची सोय.

याच सुमारास मुंबईत वॉट्सनच्या हॉटेलाचा लोखंडी सांगाडा उभा राहत होता. त्याचे भाग इंग्लंडांत घडवून बोटीनें आणलेले होते. स्कारबरोस मात्र वाडा रचला गेला तो जुन्या विटेचाच.

वर्षाला विटांत कोंडणें म्हणजे काळावर मालकी सांगणें होय. पण पाहुण्याच्या सुटीचा प्रत्येक दिवस हा मोलकरणीच्या आणि कोळसा वाहणाऱ्या नोकराच्या राबण्याचा दिवस होता; त्या ३६५ खोल्यांत त्यांच्या विसाव्याची खोली हिशेबांत धरलेली नव्हती. ज्या जागेवर हें हॉटेल उभें आहे तेथेंच पूर्वीं भाड्याच्या खोल्यांचीं घरें होतीं. त्यांतील एका घरांत, हवापालटासाठीं आलेली लेखिका ॲन ब्राँटे हिनें २८ मे १८४९ रोजीं क्षयानें देह ठेवला. तिचें वय २९ होतें. थडग्यावर मात्र २८ कोरलें गेलें. काळाची मोजदाद दगडांतही चुकते ती अशी.

काळानें आपला अधिकार १६ डिसेंबर १९१४ रोजीं पुन्हां दाखविला. त्या सकाळीं जर्मन युद्धनौकांनीं स्कारबरोवर तोफा डागल्या. बंदूक हातीं न धरलेलीं माणसें मेलीं, आणि समुद्राकडे तोंड करून उभ्या असलेल्या ग्रँडलाही गोळे लागले. ज्या दृश्यासाठीं धनिक पैसे मोजीत, त्याच दिशेनें मृत्यु आला.

ब्रॉड्रिकनें यानंतर फारसें कांहीं बांधलें नाहीं. तो फ्रान्समध्यें जाऊन राहिला आणि १९०५ सालीं जर्सी बेटावर वारला. १९७०–८० या दशकाच्या अखेरीस हॉटेल बट्लिन कंपनीकडे गेलें. ही कंपनी सामान्य कष्टकऱ्यांसाठीं स्वस्त सुटीच्या छावण्या चालविण्याबद्दल प्रसिद्ध होती. सरदारी थाटाच्या त्या जिन्यावरून गिरणी-कारखान्यांतल्या कुटुंबांचीं मुलें धांवूं लागलीं. वैभव ओसरलें असें कोणी म्हणतील. परंतु ज्यांच्या श्रमांवर त्या खोल्या उबदार राहिल्या, त्यांच्या नातवंडांना त्या खोल्यांत निजावयास मिळालें, हाही इतिहासाचाच न्याय. आज ही वास्तु संरक्षित इमारतींच्या यादींत आहे. मनोरे चारच आहेत, धनी मात्र अनेक झाले. वर्ष मोजण्यासाठीं बांधलेल्या घरानें अखेर मोजलें तें माणसांचें येणें-जाणें.