बक्षीस की हक्क? मेथाडोनच्या ‘घरी नेण्याच्या डोस’चा इतिहास

१/ व्यसनापासून दूर राहिला म्हणून एखाद्याला बक्षीस द्यावे का? प्रश्न ऐकताच अनेकांच्या कपाळावर आठी पडते. जे करायलाच हवे, त्याचे इनाम कशाला? अमेरिकेतील व्यसनोपचारात मात्र यावर अनेक दशके प्रयोग झाले. हा धागा त्यांविषयी, आणि विशेषतः पैशाचे नसलेल्या एका बक्षिसाविषयी.

२/ १९६५ साली न्यूयॉर्कमध्ये डॉ. व्हिन्सेंट डोल आणि डॉ. मेरी नायस्वांडर यांनी हेरॉइनच्या आहारी गेलेल्या २२ रुग्णांवरील उपचारांचा अहवाल प्रसिद्ध केला. मेथाडोन हे प्रयोगशाळेत तयार होणारे, अफूच्या गुणधर्माचे औषध. ते रोज तोंडावाटे दिले, की हेरॉइनची ओढ शमते आणि रुग्ण कामधंद्याला लागू शकतो, असे त्यांना आढळले.

३/ उपचार झपाट्याने पसरला. त्याबरोबर औषध चोरट्या बाजारात जाईल ही भीतीही पसरली. १९७२च्या अखेरीस अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने कडक नियम जाहीर केले. रुग्णाने बहुतेक दिवस केंद्रावर यावे आणि कर्मचाऱ्यांच्या देखत औषध प्यावे. डोस घरी नेणे ही विश्वास संपादन केल्यावर मिळणारी सवलत ठरली.

४/ रुग्णाच्या दृष्टीने याचा अर्थ काय? कामावर जाण्याआधी रोज केंद्र गाठायचे. केंद्र लांब असेल, तर तासन्‌तास प्रवास. लग्नाकार्याला परगावी जायचे, तरी आधी डोसची व्यवस्था. हेरॉइनच्या फेऱ्यांतून सुटलेला माणूस केंद्राच्या फेऱ्यांत अडकला.

५/ बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील मॅक्सीन स्टिट्झर आणि जॉर्ज बिगेलो यांनी याच नियमातून उपचाराचे साधन घडवले. तत्त्व बी. एफ. स्किनर यांचे: ज्या वर्तनाचे फळ हाती येते, ते वर्तन पुन्हा घडते. व्यसनात नशेचे सुख तत्काळ मिळते आणि संयमाचे फळ महिनोन्‌महिने दूर असते. ते फळ जवळ आणायचे, एवढीच कल्पना.

६/ स्टिट्झर आणि सहकाऱ्यांचा १९९२ मधील प्रयोग पाहा. मेथाडोन घेऊ लागलेले ५३ नवे रुग्ण. एका गटाला सलग दोन आठवडे लघवीत इतर अमली पदार्थ आढळले नाहीत, तरच घरी नेण्याचे डोस. दुसऱ्या गटाला तपासणीत काहीही आढळो, डोस मिळणारच. सलग चार आठवडे नशेविना राहणाऱ्यांचे प्रमाण पहिल्या गटात ३२ टक्के, तर दुसऱ्यात सुमारे ८ टक्के.

७/ दरम्यान १९९१ साली व्हरमाँट विद्यापीठात स्टीफन हिगिन्स यांनी कोकेनच्या रुग्णांसाठी व्हाउचर आणले. दर निर्दोष तपासणीला मूल्य वाढे. एक घसरण झाली, की पुन्हा पहिल्या पायरीवर. नॅन्सी पेट्री यांनी खर्च कमी करणारी युक्ती काढली: चिठ्ठ्यांनी भरलेले भांडे. निम्म्या चिठ्ठ्यांवर केवळ शाबासकी, बाकीच्यांवर बहुतांशी छोटी बक्षिसे, एखादीवर मोठे. २००२ मध्ये मेथाडोनच्या रुग्णांवरही ही पद्धत उपयोगी ठरली.

८/ ‘ही तर लाच’, असा आक्षेप सतत घेतला गेला. खरी उणीव निराळी होती: बक्षीस थांबले, की परिणाम ओसरू लागतो. तरीही २००७ मध्ये ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने आपल्या मार्गदर्शक सूचनांत ही पद्धत समाविष्ट केली.

९/ मग आला मार्च २०२०. कोविडमुळे केंद्रांवर गर्दी नको, म्हणून अमेरिकी शासनाने नियम शिथिल केले. स्थिर रुग्णांना २८ दिवसांचे, इतरांना १४ दिवसांचे डोस घरी नेण्याची मुभा मिळाली. जे कमवावे लागत होते, ते अनेकांना एकाएकी मिळाले.

१०/ भीती खरी ठरली का? २०२२ मधील एका अभ्यासानुसार अमली पदार्थांच्या अतिसेवनाने झालेल्या मृत्यूंपैकी मेथाडोन आढळलेल्या मृत्यूंचा वाटा जानेवारी २०१९ मध्ये ४.५ टक्के होता. ऑगस्ट २०२१ मध्ये तो ३.२ टक्के झाला. या काळात फेंटानिलमुळे एकूण मृत्यू वाढले, हे हा आकडा वाचताना ध्यानात घ्यावे. तरीही सवलतीमुळे अनर्थ ओढवल्याचे दिसले नाही. २०२४ मध्ये हे शिथिलीकरण कायम झाले.

११/ १९९२चा निष्कर्ष यामुळे खोटा ठरत नाही. बक्षिसाने माणसे बदलतात, हे सिद्धच आहे. परंतु व्हाउचर रुग्णाच्या पदरात काही नवे टाकते. घरी नेण्याचा डोस मात्र नियमाने आधी काढून घेतलेली मोकळीक हप्त्याहप्त्याने परत करत होता.

१२/ म्हणून उपचारांचा इतिहास वाचताना ‘परिणाम झाला का?’ एवढेच विचारून थांबू नये. बक्षीस म्हणून जे दिले गेले, ते आधी कुणी आणि कोणत्या भीतीने अडवून ठेवले होते, हेही विचारावे. तुम्हाला काय वाटते?