भाषा कोणी निवडायची?

चीनमध्ये १९६३ साली एक वेगळा प्रयोग झाला. पंतप्रधान चाऊ एन लाय यांच्या पुढाकाराने नानजिंग, शांघाय अशा शहरांत परकीय भाषांच्या खास माध्यमिक शाळा निघाल्या. देशाला दुभाषे आणि राजनैतिक अधिकारी हवे होते. त्यासाठी हुशार मुले लहानपणीच पारखून घ्यायची आणि त्यांच्याकडून परभाषा पक्की करून घ्यायची, असा हिशेब होता. यांतून पुढे अनेक मुत्सद्दी तयार झाले. आजही या शाळांत प्रवेश मिळणे ही मोठी गोष्ट मानली जाते. म्हणजे मूल निवडायचे सरकारने आणि भाषा ठरवायची तीही सरकारनेच.

अशी शाळा आपल्या छत्रपती संभाजीनगरात नाही. पण मुलाने कोणत्या भाषेत शिकायचे आणि ते कोणी ठरवायचे, हा प्रश्न या शहराइतका फार थोड्या शहरांनी अनुभवला असेल.

हे शहर औरंगाबाद म्हणून निजामाच्या राज्यात होते, तेव्हाची गोष्ट पाहा. त्या राज्यातल्या बहुसंख्य लोकांची घरची भाषा तेलुगू, मराठी नाहीतर कन्नड. दरबारची भाषा आधी फारसी आणि नंतर उर्दू. १९१८ साली हैदराबादला उस्मानिया विद्यापीठ निघाले. विज्ञान, कायदा, वैद्यक असे उच्च शिक्षण इंग्रजीऐवजी उर्दूतून देण्याचे धाडस त्याने केले. त्यासाठी भाषांतराचे स्वतंत्र खाते उघडून ग्रंथांमागून ग्रंथ उर्दूत आणले. देशी भाषेतून ज्ञान देण्याचा हा फार मोठा उद्योग होता, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. मात्र मराठी घरातल्या मुलाला तीही शिकून घ्यावी लागणारीच भाषा होती.

उर्दूच्या त्या उद्योगाचे एक मोठे केंद्र आपल्याच शहरात होते. ‘बाबा-ए-उर्दू’ म्हणून ओळखले जाणारे मौलवी अब्दुल हक इथे अनेक वर्षे राहिले. शाळा-तपासनीस म्हणून त्यांनी काम केले आणि इथल्या इंटरमीजिएट कॉलेजचे ते प्राचार्यही होते. ‘अंजुमन तरक्की-ए-उर्दू’ या संस्थेचा कारभार ते इथूनच पाहत. १९२१ पासून ‘उर्दू’ हे त्रैमासिक इथून निघू लागले. १९३८ साली संस्था दिल्लीला गेली. मराठीवर फारसीचा काय परिणाम झाला, यावरही मौलवीसाहेबांनी लिहिले. बीबी-का-मकबऱ्याच्या बागेतल्या नामदेव माळ्याचे त्यांनी लिहिलेले व्यक्तिचित्र तर उर्दू गद्यात फार मानले जाते. अस्पृश्य ठरवलेल्या जातीतला हा माळी झाडांना पोटच्या पोरांसारखे जपत असे.

याच शहरात १९१५ साली सरस्वती भुवन संस्था उभी राहिली. मराठी मुलांच्या शिक्षणासाठी लोकांनी सरकारकडे डोळे न लावता केलेली ती सोय होती.

पण नामदेव माळ्यासारख्यांच्या घरातल्या मुलांचे काय? त्यांच्यासाठी या शहरात महाविद्यालय निघाले ते १९५० साली आणि काढले ते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. भाषेचे दार बंद होणे म्हणजे काय, हे बाबासाहेबांना चांगले ठाऊक होते. मुंबईत हायस्कुलात असताना त्यांना संस्कृत शिकायचे होते. जातीमुळे ते मिळाले नाही आणि फारसी घ्यावी लागली. संस्कृत ते पुढे स्वतःच्या कष्टाने शिकले. औरंगाबादच्या महाविद्यालयाला त्यांनी ‘मिलिंद’ हे नाव दिले. मिलिंद म्हणजे मिनँडर हा ग्रीक राजा. भिक्खू नागसेनाला प्रश्न विचारणारा आणि उत्तर पटले की ते मान्य करणारा. परक्या मुलखातल्या माणसाशी मोकळा संवाद, हाच त्या नावाचा अर्थ.

आता अलीकडचे उदाहरण. शहरापासून सुमारे २५ किलोमीटरवर गाडीवाट नावाचे गाव आहे. तिथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेने २०१९ साली मुलांनाच विचारले, तुम्हाला कोणती परकीय भाषा शिकायला आवडेल? बहुतेकांनी जपानी सांगितली. का, तर त्यांना यंत्रमानवांची आणि तंत्रज्ञानाची ओढ होती. शिकवायला पुस्तके नव्हती. शहरातल्या एका जाणकाराने इंटरनेटवरून विनामूल्य वर्ग घेतले. सगळ्यांच्या घरी स्मार्टफोन नव्हते. तेव्हा ज्यांना वर्गाला बसता येई, ती मुले इतरांना शिकवू लागली. प्रवेश परीक्षा नाही, गाळणी नाही.

नानजिंगच्या शाळेशी गाडीवाटची तुलना करणे वेडेपणाचे होईल. तिकडे सरकारी बळ आणि साठ वर्षांची शिस्त आहे. एका गावाच्या उत्साहावर भाषा पक्की होत नसते. त्याला शिक्षक लागतात आणि पुस्तके लागतात. ते पुरवणे हे सरकारचे काम. महाराष्ट्रात मात्र आपला वेळ भाषा लादायची की नाही या वादात जातो. २०२५ साली पहिलीपासून हिंदी शिकवण्याचे शासन निर्णय सरकारला मागे घ्यावे लागले, तेव्हा हेच दिसले. मला वाटते, मायबोलीचा पाया घट्ट असावा आणि पुढची भाषा निवडताना मुलालाही विचारावे. गाडीवाटच्या शाळेने विचारले, आणि मुलांनी कारणासहित उत्तर दिले.