‘संभव’ या शब्दाचा इतिहास : एचआयव्ही आणि फौजदारी कायदा

स्वतःला एचआयव्ही आहे हे ठाऊक असताना दुसऱ्याला धोक्यात टाकणे हा गुन्हा ठरावा काय? भारतात या प्रश्नाचे मूळ विषाणूच्या शोधाहून शतकभर जुने आहे. 1860 च्या भारतीय दंड संहितेतील कलम 269 नुसार, प्राणघातक रोगाचा संसर्ग पसरण्याचा संभव आहे हे माहीत असूनही केलेल्या निष्काळजी कृत्यास सहा महिन्यांपर्यंत कैद होती. दुष्ट हेतूने केलेल्या कृत्यास कलम 270 खाली दोन वर्षांपर्यंत. 1886 मध्ये उपदंश झालेल्या एका वेश्येच्या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाने कलम 269 लागू होत नाही, असा निर्णय दिला. संसर्गात तक्रारदार पुरुषाच्या स्वतःच्या कृतीचाही वाटा होता.

एड्सच्या काळात भीतीने हा विवेक मागे सारला. फेब्रुवारी 1989 मध्ये गोव्यातील रक्तदाते डॉमिनिक डिसोझा यांना राज्याच्या सार्वजनिक आरोग्य कायद्याखाली पोलिसांनी ताब्यात घेतले आणि क्षयरोग्यांच्या जुन्या रुग्णालयात 64 दिवस एकटे ठेवले. कोणाला संसर्ग केल्याचा आरोप त्यांच्यावर नव्हता. रक्ततपासणीचा निष्कर्ष एवढेच कारण पुरेसे ठरले. त्यांच्या आईने न्यायालयात धाव घेतली. तरीही मुंबई उच्च न्यायालयाने विलगीकरणाची तरतूद वैध ठरवली. डिसोझा 1992 मध्ये निवर्तले.

1998 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कलम 269 व 270 चा आधार घेत एचआयव्हीबाधिताचा विवाहाचा हक्क स्थगित असल्याचे म्हटले. 2002 मध्ये ते भाष्य न्यायालयानेच निष्प्रभ केले.

दरम्यान ‘संभव’ या शब्दाचा शास्त्रीय अर्थ पालटत होता. नऊ देशांतील 1,763 जोडप्यांवरील ‘एचपीटीएन 052’ या चाचणीत पुण्याची राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थाही सहभागी होती. लवकर औषधोपचार सुरू केल्यास जोडीदाराला होणारा संसर्ग 96 टक्क्यांनी घटतो, हे 2011 मध्ये दिसले. पुढील अभ्यासांनी स्पष्ट केले की, औषधांमुळे रक्तातील विषाणूंचे प्रमाण मोजता न येण्याइतके खाली राहिले, तर लैंगिक संबंधातून संसर्ग होत नाही. म्हणजेच धोका निदानावरून ठरत नाही. तो उपचारावर अवलंबून असतो.

10 सप्टेंबर 2018 पासून अमलात आलेल्या एचआयव्ही-एड्स कायद्याने संसर्गाचा नवा गुन्हा निर्माण केला नाही. समुपदेशन मिळालेल्या बाधिताने वाजवी खबरदारी घ्यावी, एवढे कर्तव्य त्याने घालून दिले. तपासणीसाठी संमती आवश्यक केली आणि भेदभावास मनाई केली. जुनी कलमे मात्र भारतीय न्याय संहितेत 271 व 272 या क्रमांकांनी 1 जुलै 2024 पासून पुन्हा अवतरली आहेत.

या कलमांत दोष ‘माहीत असण्या’वर टेकलेला आहे. ज्याने तपासणीच केली नाही, त्याच्यावर असे ज्ञान सिद्ध करणे कठीण. ज्याने केली, तो मात्र सहज कचाट्यात सापडू शकतो. उपचाराची वाट तपासणीपासूनच सुरू होते. त्यामुळे कलम 271 खालील प्रत्येक खटल्यात न्यायालयाने आधी विचारायला हवे, ते हे : आरोपी औषधे घेत होता काय, आणि त्याच्या रक्तातील विषाणूंचे प्रमाण किती होते?